तिवराचं चूर्ण आणि आमचे शोधनिबंध

गेल्या गणपतीत अर्विंगच्या एकता मंदिराच्या पार्किंगमध्ये ओळखीच्या एका काकांनी मला गाठलं. "तू खारफुटीवर पीएचडी केलीस ना गं? मग हे बघ." त्यांनी फोनवर एका डब्याचा फोटो दाखवला. तिवराच्या पानांचं चूर्ण, मधुमेहावर, सकाळ-संध्याकाळ एक चमचा कोमट पाण्यातून. डब्याच्या मागच्या बाजूचा दुसरा फोटो होता. तो मोठा करून पाहिला तर तिथे बारीक अक्षरांत एका शोधनिबंधाचा हवाला दिलेला, आणि त्यातलं पहिलं नाव माझं.

काकांची आई ठाण्याहून सहा महिन्यांसाठी इथे आली आहे. वय एक्क्याऐंशी, मधुमेह जुना, रक्तदाबही आहे. चूर्ण दोन महिने चालू होतं आणि मेटफॉर्मिन 'हळूहळू कमी' होत होतं. "ते केमिकल ना शेवटी," काका म्हणाले, "आणि हे तर तुझंच संशोधन!"

त्या रात्री मी माझा तो निबंध सहा-सात वर्षांनी पुन्हा वाचला. तुम्ही कथासंग्रहांची परीक्षणं वाचता, नाटकांची वाचता. शोधनिबंधांची परीक्षणं आपल्या मासिकांतून कुणी लिहीत नाही. पण खारफुटीच्या औषधी गुणांवरचे निबंध हा आता एक साहित्यप्रकारच झाला आहे. त्याची ठरलेली सुरुवात आहे, ठरलेला मध्य आहे, ठरलेला शेवट आहे, आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांसारखाच त्याचा खप आहे. तेव्हा मी तो तसाच वाचायला घेते. नमुना माझाच असल्याने कुणाचा राग ओढवून घ्यायचा प्रश्न नाही.

पहिलं वाक्य बहुतेक सगळ्यांचं एकच असतं: खारफुटीच्या वनस्पती पारंपरिक वैद्यकात शतकानुशतकं वापरल्या जात आहेत. माझंही तेच होतं. पुढे आधार म्हणून बंदरनायके यांचे दोन आढावे, १९९८ चा आणि २००२ चा. आढावे मेहनतीचे आहेत. कुठल्या देशात कुठल्या झाडाचा काय वापर नोंदला गेला आणि त्यात कुठली रसायनं सापडली, याची ती सूची आहे. पण सूची ही सूची म्हणून वापरायची असते. ती वाचून मूळ नोंद शोधायची, ती कुणी, कुठे, कुणाला विचारून केली ते पाहायचं. आम्ही ते करत नाही. सूचीतली ओळ उचलतो, पुढचा आमच्याकडून उचलतो, आणि पाच-सहा निबंधांनंतर त्या ओळीला 'शतकानुशतकांची परंपरा' असं वजन येतं.

माझं आजोळ देवगडकडे, खाडीला लागून. माझ्या आजीच्या घराच्या मागच्या कुंपणापासून वीस पावलांवर तिवर होता. तिवराचं काय करतात, हे तिला विचारायला मला एक फोन पुरला असता. तो मी निबंध छापून आल्यावर केला. आजी म्हणाली, जळणाला नेतात, गुरं पाला खातात, पूर्वी जाळ्यांना रंग द्यायला कांदळाची साल उकळायचे. औषधाचं विचारलं तर म्हणाली, "गेव्याचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नको, आंधळी होशील." तिवर आणि साखर हे दोन शब्द तिच्या बोलण्यात एकत्र आले नाहीत. आजी म्हणजे सगळं कोकण नव्हे, हे मान्य. पण माझ्या पहिल्या वाक्यातल्या 'पारंपरिक' शब्दामागे तेवढंही कोकण नव्हतं.

बाय द वे, तिवराच्या शास्त्रीय नावातच वैद्य बसलेला आहे. ॲव्हिसेनिया हे नाव इब्न सिना, म्हणजे युरोपने ज्याला ॲव्हिसेना म्हटलं, त्या हकिमावरून पडलं. लिनियसने दिलेला तो मान आहे, औषधाचा पुरावा नाही. तरी व्याख्यानांत ही गोष्ट सांगितली की श्रोते खूश होतात. मीही सांगितलेली आहे.

आता मध्य. पानं धुतली, सावलीत वाळवली, दळली, मिथेनॉलमध्ये अर्क काढला. मग त्या अर्काने अल्फा-ग्लुकोसिडेज या विकराला किती रोखलं ते मोजलं. आतड्यात पिष्टाचे तुकडे करून साखर मोकळी करण्याचं काम हे विकर करतं. ते रोखलं तर जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. अकार्बोज हे औषध असंच चालतं, म्हणून तुलनेला अकार्बोज. माझ्या तक्त्यात तिवराचा अर्क अकार्बोजपेक्षा कितीतरी पट प्रभावी ठरला होता. डब्यावर नेमकं तेवढंच वाक्य उचललं होतं.

इथे जरा थांबा, कारण सगळी गोम इथे आहे. बाजारात जे स्वस्त अल्फा-ग्लुकोसिडेज मिळतं ते यीस्टचं असतं. अकार्बोज सस्तन प्राण्यांच्या आतड्यातल्या विकरावर जोरात चालतं, यीस्टच्या विकरावर फार कमी. म्हणजे शर्यतीत ज्याच्याशी तुलना करायची त्या धावपटूचे पाय आधीच बांधलेले. या चाचणीत चहा जिंकतो, डाळिंबाची साल जिंकते, आंब्याची पानं जिंकतात. उंदराच्या आतड्यातलं विकर वापरलं की चित्र पुष्कळदा उलटं होतं. हे या क्षेत्रात ठाऊक असलेलं सत्य आहे, तरी 'अकार्बोजपेक्षा सरस' हे वाक्य मी आजही महिन्याला दोन-तीन नव्या निबंधांत वाचते.

दुसरी गोष्ट टॅनिनची. खारफुटी टॅनिनने भरलेली असते. जाळी कांदळाच्या सालीत उकळायची ती त्यासाठीच. चामडं कमावतात तेही टॅनिननेच, कारण टॅनिन प्रथिनाला धरून बसतं. विकर हे प्रथिन आहे. तेव्हा चाचणीच्या नळीत टॅनिनयुक्त अर्क ओतला की विकर बंद पडणारच, मग ते कुठलंही विकर असो. त्याला औषध म्हणायचं तर जाळ्याच्या रंगालाही म्हणावं लागेल. म्हणून अर्क आधी पॉलिअमाइडच्या स्तंभातून गाळून टॅनिन काढायचं आणि मग चाचणी करायची, असा नियम आहे. माझ्या निबंधात ती पायरी नाही.

आणि हे मला सगळ्यात जड जातं लिहायला: ती पायरी मी नंतर केली होती. निबंध छापून आल्यावर दीडेक वर्षाने, प्रबंधाच्या शेवटच्या टप्प्यात, फ्रीजरमध्ये उरलेल्या अर्कातून टॅनिन काढून मी चाचणी पुन्हा लावली. परिणाम जवळपास नाहीसा झाला. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात त्यावर एक परिच्छेद आहे. प्रबंध ग्रंथालयात आहे, निबंध इंटरनेटवर. चूर्णवाल्याला कुठला सापडणार ते उघड आहे. 'नकारात्मक निष्कर्ष कोण छापतं' असं मला कुणी सांगितलं नव्हतं, मार्गदर्शकांनीही नाही. मीच गृहीत धरलं.

कर्करोगाच्या पेशींवरचे निबंध तर याहून सोपे लिहायला. बशीत पेशी वाढवायच्या, वर अर्क घालायचा, निम्म्या पेशी मरायला किती अर्क लागला तो आकडा द्यायचा. कच्च्या अर्कासाठी हा आकडा मिलिलिटरला २०-३० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तरच पुढे बघावं, असा सर्वसाधारण दंडक आहे. छापून येणारे आकडे अनेकदा १०० च्या वर, २०० च्या वर असतात. आता साधा हिशेब करा. माणसात पाच लिटर रक्त धरलं तर १०० मायक्रोग्रॅमसाठी अर्धा ग्रॅम अर्क सगळाच्या सगळा रक्तात उतरायला हवा. पोटात नव्हे, रक्तात. आतडं आणि यकृत त्यातलं किती पुढे जाऊ देतील हे वेगळं. त्यात तिवर मीठ पानांतून बाहेर टाकतो. उन्हात पान चाटून पाहा, खारट लागतं. अशा पानाच्या पाण्यातल्या अर्कात किती मीठ राहिलं, आणि बशीतल्या पेशी औषधाने मेल्या की मिठाने, याची चौकशी केलेली मला क्वचितच दिसते.

झाडाची ओळख हा आणखी एक कच्चा दुवा. आपल्या किनाऱ्यावर तिवराच्याच एकाहून जास्त जाती आहेत आणि लोक सगळ्यांना तिवर म्हणतात. नमुना वाळवून वनस्पतिसंग्रहात जमा करावा, क्रमांक घ्यावा, म्हणजे उद्या कुणालाही तपासता येतं. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहेच. ज्यांचं नाव त्याला आहे त्या फादर ब्लॅटर यांनी १९०५ मध्येच मुंबई इलाख्यातल्या खारफुटीवर लिहून ठेवलं आहे. निबंधात हा क्रमांक नसेल तर पुढचं वाचू नये, असं मी आता विद्यार्थ्यांना सांगते. (माझ्यात होता. एवढं एक बरं.)

शेवट तुम्हाला पाठ असेल: अर्क आशादायक आहे, अधिक संशोधनाची गरज आहे. ते अधिक संशोधन बहुतेक वेळा कुणीच करत नाही, कारण ते करायला रसायन वेगळं काढावं लागतं, त्याची रचना शोधावी लागते, वर्षं लागतात. तोवर शिष्यवृत्ती संपते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या आणि मग २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलेला असणं सक्तीचं होतं. २०२२ मध्ये ही सक्ती निघाली. हजारो मुलांना एका ठरावीक मुदतीत एक निबंध हवा असेल तर वाळवा, दळा, मोजा, छापा, यापेक्षा दुसरं काय निघणार? त्यांना दोष देताना माझा हात आखडतो. पण निबंध निघाला की तो मुलांच्या ताब्यात राहत नाही, हेही खरं.

म्हणजे खारफुटीत काही नाहीच का? आहे. आजी ज्या गेव्याला भ्यायची, त्याचंच उदाहरण घ्या. ऑस्ट्रेलियात गोळा केलेल्या गेव्यातून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या गटाने १९९५ मध्ये एचआयव्हीविरोधी रसायन वेगळं काढलं. ते फॉरबॉल या कुळातलं निघालं. याच कुळातली काही भावंडं गाठी वाढायला मदत करतात. डोळा जाळणारा चीक आणि आशादायक रसायन एकाच झाडात. तो निबंध वाचताना फरक कळतो: कोणतं रसायन, रचना काय, किती मात्रेला, सगळं उघडं.

आणि खारफुटीतून थेट दवाखान्यापर्यंत पोचलेलं एक औषध आहे, ट्रॅबेक्टेडिन. कॅरिबियन समुद्रात खारफुटीच्या बुडालेल्या मुळांना चिकटून थैलीसारखा एक छोटा जीव झुपक्यांनी वाढतो. त्याच्या अर्कात कर्करोगाच्या पेशी मारण्याचा गुण १९६९ मध्ये दिसला. रेणूची रचना छापून यायला १९९० उजाडलं. एक टन जीव गोळा केले तर जेमतेम एक ग्रॅम औषध, म्हणजे मुळं खरवडून हे चालणार नव्हतं. शेवटी एका जिवाणूने टाक्यांत तयार केलेल्या जवळच्या रेणूपासून अर्धकृत्रिम रीतीने ते बनू लागलं. २००७ मध्ये युरोपात आणि २०१५ मध्ये अमेरिकेत मऊ ऊतींच्या काही कर्करोगांवर त्याला मान्यता मिळाली. गंमत अशी की त्या थैलीच्या जीवातही तो रेणू मुळात बनवतो आत राहणारा एक जिवाणूच. आम्ही पिढ्यान् पिढ्या पानं दळत बसलो आणि औषध होतं मुळावरच्या जीवाच्या आतल्या जिवाणूत. आज माझा स्वतःचा विचार असा झाला आहे की खाडीत शोधायचंच असेल तर पानापेक्षा चिखलात शोधावं.

वेळेचा आणि यशाचा अंदाज यावा म्हणून एक आकडा देते. अमेरिकेच्या त्याच कर्करोग संस्थेने १९६० पासून वीसेक वर्षांत सुमारे ३५,००० वनस्पतींचे लाखाहून जास्त अर्क तपासले. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी औषधं निघाली. त्यातली दोन मोठी, टॅक्सॉल आणि कॅम्प्टोथेसिन, नॉर्थ कॅरोलायनाच्या एका प्रयोगशाळेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी शोधली. वाणी जन्मले नंदुरबारला, शिकले मुंबईत, मग इथे आले. आपल्या अधिवेशनांत स्टार्टअपवाल्यांचे सत्कार होतात. नंदुरबारच्या या माणसाचं नाव मी तिथे अजून ऐकलेलं नाही.

कॅम्प्टोथेसिनची पुढची गोष्ट मात्र महाराष्ट्रात घडते, आणि ती ऐकून ठेवायला हवी. मूळ झाड चीनचं. पण १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं की ते रसायन सह्याद्रीतल्या एका झाडातही भरपूर आहे. ते झाड म्हणजे आपली नरक्या, अमृता. १९९६ मध्ये कॅम्प्टोथेसिनपासून बनवलेली दोन औषधं अमेरिकेत मान्य झाली. नरक्याला भाव आला, आणि कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांतून ती चोरून तोडली जाऊ लागली. फांदी तोडणाऱ्याला किलोमागे काय मिळालं आणि शेवटच्या कुपीची किंमत काय, ही तुलना तुम्हीच करा.

उद्या तिवराचंही असंच झालं तर? महाराष्ट्रात खारफुटी २०२१ च्या वन सर्वेक्षणानुसार ३२४ चौरस किलोमीटर आहे. पुष्कळांना हे मोठं वाटेल. नकाशावर ती एक धूसर किनार आहे. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तोड थांबवली, २०१२ मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष आला, २०२० मध्ये पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवृक्ष ठरली. हे सगळं झालं ते लाटा, मासे आणि पुरासाठी. 'औषध आहे म्हणून वाचवा' असं आम्ही संशोधक अनुदानाच्या अर्जात लिहितो, तेव्हा मला नरक्या आठवते.

काकांनी पुढे विचारलं होतं, "भाऊ डिसेंबरात येतोय, दोन किलो पानं आणायला सांगू का? तुझ्या लॅबमध्ये तपासून टाक." त्यांना उत्तर आवडलं नाही, तुम्हालाही कदाचित आवडणार नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे परदेशी माणसालाच नव्हे, आयकराच्या व्याख्येत अनिवासी ठरणाऱ्या भारतीय नागरिकालाही भारतातली जैविक सामग्री संशोधनासाठी घ्यायची तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. माझ्या पासपोर्टावर अशोकस्तंभ आहे. आजीच्या कुंपणामागच्या तिवराचं पान मात्र मी प्रयोगासाठी परवानगीशिवाय इथे आणू शकत नाही. सुरुवातीला मला याचा संताप यायचा. मग हळदीचं प्रकरण पुन्हा वाचलं. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये मिळालं ते भारतीय वंशाच्या दोघांना, आणि १९९७ मध्ये ते रद्द करून आणलं ते माशेलच्या माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने. कायदा आपल्याला परक्यांच्या रांगेत उभं करतो ते अगदीच विनाकारण नाही. त्यात अमेरिकेने १९९२ चा जैवविविधता करार अजून मंजूरच केलेला नाही, म्हणजे इथे आल्यावर त्या पानाचं पुढे काय होईल याला त्या कराराचा धाक नाही.

कायद्याची भोकंही मला दिसतात. पान अडवता येतं, पण चिखलातल्या जिवाणूच्या जनुकांचा क्रम ही नुसती अक्षरं असतात. ती पुण्याहून डॅलसला ईमेलने क्षणात येतात. त्याचा मोबदला कुणी कुणाला द्यायचा यावर आंतरराष्ट्रीय परिषदांत आता कुठे निधी उभा राहतो आहे.

गेल्या मार्चमध्ये मी गॅल्व्हेस्टनला गेले होते, अर्विंगहून पाच तास. तिथे तिवराचाच चुलतभाऊ आहे, काळा मॅन्ग्रोव्ह. २०२१ च्या फेब्रुवारीतल्या त्या थंडीत टेक्सासच्या किनाऱ्यावरची त्याची पुष्कळ झाडं मेली, आता बुंध्यातून कोवळी फूट येते आहे. मी पान चाटलं. देवगडसारखंच खारट.

निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला मी दुरुस्तीसाठी लिहिलं, टॅनिन काढल्यानंतरचे आकडे जोडून. दोनदा. उत्तर नाही; निबंध अजून डाउनलोड होतो. चूर्णवाल्याला लिहिलं तर त्याने आभार मानून विचारलं, डब्यावर फोटो छापू का. आजींची साखर मात्र डॉक्टरांकडे नेऊन तपासली, मेटफॉर्मिन पूर्वीसारखं सुरू झालं. मेटफॉर्मिनची वंशावळही एका युरोपीय रानझुडुपापर्यंत जाते, हे काकांना सांगितलं तेव्हा ते जरा निवळले. आजी मला म्हणाल्या, "खारट होतं गं ते. मला वाटलं, औषध आहे म्हणून असेल."

उरलेला डबा त्यांनी मला दिला. माझ्या टेबलावर आहे. झाकणावर हिरवंगार चित्र आहे, पाण्यात कमानीसारखी मुळं सोडून उभं झाड. ते तिवराचं नाही, कांदळाचं आहे.